नौपाड्यातील दोन रविवारांचा वर्ग: सौदा, नियामक आणि शेअरचा भाव

कंपन्यांच्या विलीनीकरणाची सरकारी स्पर्धा-नियामकांकडून तपासणी सुरू झाली की तंत्रज्ञान क्षेत्रातील भागधारकाने काय पाहावे, एवढ्याच विषयावरचा एक वर्ग मी ठाण्यात, नौपाड्यात, दोन रविवार जाऊन पूर्ण केला.

पहिला रविवार जवळजवळ संपूर्ण मायक्रोसॉफ्टने व्हिडिओ गेम बनवणारी ॲक्टिव्हिजन ही कंपनी विकत घेतली त्या सौद्याला दिला होता आणि माझे पैसे तिथेच वसूल झाले. जानेवारी 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टने शेअरमागे 95 डॉलर देऊ केले, तरी त्या दिवशी ॲक्टिव्हिजनचा भाव 82 डॉलरच्या आसपासच बंद झाला. ही तफावत म्हणजे हाती आलेला नफा नव्हे, तर परवानगी मिळेल का आणि किती काळाने मिळेल या शंकेची बाजाराने लावलेली किंमत आहे, हे शिक्षकांनी फळ्यावर आकडे मांडून न घाई करता समजावले. 26 एप्रिल 2023 रोजी ब्रिटनच्या नियामकाने क्लाउड गेमिंगमधील, म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर खेळायच्या गेममधील, स्पर्धेचे कारण देऊन सौदा अडवला, तेव्हा शेअर एका दिवसात सुमारे 11 टक्के घसरला. पुढे क्लाउडचे हक्क युबिसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीला देण्याचे ठरले, सौद्याला परवानगी मिळाली आणि ऑक्टोबरमध्ये, थांबलेल्या भागधारकांना पूर्ण 95 डॉलर मिळाले. आक्षेप सौद्याच्या एका भागावर आहे की गाभ्यावर, हा प्रश्न विचारायची सवय मला इथे लागली. चिप बनवणारी एनव्हिडिया चिपच्या रचना पुरवणारी आर्म विकत घेणार होती, तेव्हा आक्षेप गाभ्यावरच होता, कारण आर्मच्या रचना एनव्हिडियाचे प्रतिस्पर्धीही वापरतात. तो सौदा फेब्रुवारी 2022 मध्ये सोडून द्यावा लागला.

खरेदीदार कंपनीच्या भागधारकाची बाजू मात्र ॲडोबी आणि फिग्मा या डिझाइन सॉफ्टवेअर कंपन्यांच्या उदाहरणावर घाईने आटोपली.

माझी खरी तक्रार भारतीय भागाबद्दल आहे. आपल्या स्पर्धा आयोगाला निर्णयासाठी 210 दिवसांची मुदत असते, असे छापील टिपणांत होते. प्रत्यक्षात 10 सप्टेंबर 2024 पासून ती 150 दिवस झाली आहे, आणि भारतात भरीव व्यवसाय असलेल्या कंपनीचा 2,000 कोटी रुपयांवरील सौदाही त्याच दिवसापासून आयोगाला कळवावा लागतो. ज्याची गुंतवणूक या मुदतीवर अडकलेली असते, त्याच्यासाठी साठ दिवसांचा फरक क्षुल्लक नाही. चूक दाखवल्यावर शिक्षकांनी ती मोकळेपणाने मान्य केली, पण सुधारित टिपणे अद्याप हाती आलेली नाहीत. अमेरिकी शेअर बाळगणाऱ्यांनी हा वर्ग अवश्य करावा. केवळ भारतीय शेअर असणाऱ्यांनी नवी टिपणे तयार झाली का, हे विचारूनच नाव नोंदवावे.