यूव्हर्जन बायबल ॲप: चौघी मैत्रिणी, एक किमो आणि माझे साडेचार स्टार

मी रिव्ह्यू वगैरे लिहिणाऱ्यातली नाही, मागे एकदा मिक्सरचा लिहिला होता तेवढाच. पण आमच्या चर्चच्या मंडळीतल्या दोघीतिघींनी विचारलं की तुम्ही ते ॲपवर मिळून काय वाचता, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

ॲप म्हणजे तेच, तपकिरी बायबलचं चिन्ह असलेलं, बहुतेकांच्या फोनमध्ये असतंच. माझ्याकडेपण पाचसहा वर्षं नुसतं पडून होतं, रविवारी पाळकसाहेबांनी उतारा सांगितला की उघडायचं, चष्मा घरी राहिला तरी अक्षर मोठं करता येतं, संपला उपयोग. फुकट आहे, जाहिराती नाहीत, अमेरिकेतल्या एका मंडळीनं 2008 ला काढलंय. मराठीत बायबल सोसायटीचं आपलं नेहमीचं पवित्र शास्त्र आहे आणि सोप्या मराठीतलंपण आहे. हे माहीत असेलच तुम्हाला. मला बोलायचंय ते त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल, वाचनाचा प्लॅन मैत्रिणींसोबत करायची जी सोय आहे ना, ती.

झालं असं की आम्ही चौघी नगरला होस्टेलला एका खोलीत होतो (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय). आता मी नगरलाच, एक नाशिकला, एक मस्कतला आणि एक पुण्याला. पुण्याच्या मैत्रिणीला मागच्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग 8 किमो, दर 21 दिवसांनी एक. आम्हाला वाटलं आळीपाळीने जाऊन राहू तिच्याकडे, पण किमोनंतर साधारण सातव्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत पांढऱ्या पेशी खाली येतात म्हणे, डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसांत घरात बाहेरचं माणूस नको, साधी सर्दीपण महागात पडेल. म्हणजे जेव्हा ती सगळ्यात जास्त खचलेली असायची नेमकं तेव्हाच जाता यायचं नाही.

व्हॉट्सॲप होतं की, म्हणाल. होतं. एका मंडळीच्या ग्रुपमध्ये तिला कुणीतरी ॲड करून ठेवलेलं, तिथे सकाळी सहापासून गुलाबाच्या फुलावर बायबलची वचनं सुरू, त्याखाली चाळीस लोकांचे हात जोडलेले, मग कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, मग कापराच्या वासाने कॅन्सर बरा होतो असला फॉरवर्ड. लोकांचं मन चांगलंच असतं हो, मी नाही म्हणत नाही. पण त्यातल्याच एक बाई फोन करून तिला म्हणाल्या की बेटा विश्वास कुठेतरी कमी पडला असेल, उपास प्रार्थना करून बघ. ही म्हणाली, "मावशी, ईयोबाचा कुठे कमी पडला होता?" आणि फोन ठेवला. (ईयोब म्हणजे बायबलमधला तो नीतिमान माणूस, काही दोष नसताना ज्याच्यावर संकटावर संकटं आली.) त्यानंतर आठवडाभर तिने कुणाचाच फोन घेतला नाही, आमचापण नाही.

तेव्हा मस्कतवालीने ह्या प्लॅनची लिंक पाठवली. काम सोपं आहे, प्लॅन निवडायचा, मित्रांसोबत असं निवडायचं, सुरुवातीची तारीख ठरवायची, लिंक पाठवायची. रोजचा उतारा समोर येतो आणि वाचन संपलं की खाली चौघींनी लिहायची एक जागा असते. जे प्लॅनमध्ये आहेत त्यांनाच ते दिसतं, कुणी वाचलं कुणाचं राहिलं तेपण कळतं. आधी सात दिवसांचा एक छोटा करून बघितला आणि मग सरळ स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधलं स्तोत्रांचं पुस्तक, सगळी 150.

पहिल्या आठवड्यात आम्ही तिघी निबंध लिहायचो त्या जागेत, अगदी संडे स्कूलच्या परीक्षेसारखे, आणि तिचं काहीच नाही. मग एक दिवस तिचं आलं, नुसता एक टिंब. रात्री 3:40 ला. मला वाटलं चुकून दाबलं गेलं असेल. दुसऱ्या दिवशी परत टिंब. फोन केला तर म्हणाली, अगं नखं काळी पडलीत, बोटांची टोकं बधिर आहेत, टाइप होत नाही, पाणीसुद्धा लोखंडासारखं लागतंय, टिंब म्हणजे वाचलंय, आहे मी. त्या दिवशी नाशिकवालीने उत्तरात काही न लिहिता एक टिंबच टाकला. मग मी टाकला. मग मस्कतहून आला. चार टिंबं एकाखाली एक. गुलाबाच्या फुलावरची वचनं एकीकडे आणि ते चार टिंब एकीकडे, मला विचाराल तर मी टिंबांच्या बाजूची आहे.

स्तोत्र 88 आलं तो दिवस लक्षात राहिलाय. बहुतेक रडगाण्याच्या स्तोत्रांत शेवटी तरी कुठे आशेची ओळ येते, ह्यात येतच नाही, शेवटसुद्धा अंधारातच होतो, आणि जवळचे लोक दूर गेले ही तक्रार थेट देवाकडेच. आमच्याकडे उपासनेत हे कधी वाचल्याचं आठवत नाही मला. मी घाबरले, म्हटलं आज हिला हे नको होतं. तर तिने पहिल्यांदा पूर्ण ओळ लिहिली, की म्हणजे असं बोललेलं चालतं तर देवाला. त्या दिवसानंतर ती लिहायला लागली. चिडूनपण लिहायची. एकदा लिहिलं की आज प्रार्थना करणार नाहीये, तुमच्यातलं कुणीतरी करा माझ्या वाटची.

त्यावर मस्कतवालीने बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा 17वा अध्याय काढला, इस्राएल लोकांची अमालेकी लोकांशी लढाई चाललीये, त्यांचा पुढारी मोशे, त्याचे हात वर असले की इस्राएल जिंकतात, खाली आले की हरतात, आणि हात भरून आले तेव्हा त्याला दगडावर बसवून एका बाजूने अहरोन आणि दुसऱ्या बाजूने हूर हात धरून उभे राहिले सूर्य मावळेपर्यंत. झालं, तेव्हापासून आमच्यात रोजचा प्रश्न, आज अहरोन कोण आणि हूर कोण? अहरोनने प्रार्थना करायची आणि हूरने काम. काम म्हणजे खरंखुरं काम बरं का, इन्शुरन्सचे कागद स्कॅन करून पाठवणं, मुलाच्या शाळेत फोन करणं, पुण्यातल्या डबेवाल्या काकूंना सांगणं की आज तिखट नको मऊ भात द्या. माझ्या मते ह्यातलं हूरचं काम अवघड आहे आणि मंडळीत अहरोनच जास्त भेटतात.

अर्धा स्टार का कापला ते सांगते, आणि त्यात ॲपचा दोष कमी, माझा जास्त. सलग किती दिवस उघडलं त्याचा आकडा दिसतो, मी काही दिवस तो आकडा तुटू नये म्हणून रात्री पावणेबाराला भराभर अंगठ्याने सरकवत वाचलंय, एक शब्द डोक्यात न जाता. नाशिकवालीच्या लक्षात आलं, कारण मी स्तोत्राखाली आदल्या दिवशीचंच लिहिलं होतं. स्वतः वाचणार असाल तर त्या आकड्याकडे बघूच नका. आणि दुसरं म्हणजे ॲपमध्ये गाता येत नाही. सहाव्या किमोनंतर तिला फक्त गाणं ऐकायचं होतं, ना वचन ना बोलणं, मग आम्ही साधा कॉन्फरन्स कॉल लावून टिळकांची भजनं म्हणायचो. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक हो, 1919 ला गेले, पण आमच्या नगरकडच्या मंडळ्यांत आजही त्यांची गीतं तोंडपाठ असतात. रेंज मागेपुढे असल्याने चौघींचा ताल चार ठिकाणी, मस्कत कायम अर्धी ओळ मागे. ती हसायची. खोकत खोकत हसायची.

ईयोबाच्या तिघा मित्रांचं एक मला हल्लीच नीट दिसलं. ते आले आणि 7 दिवस 7 रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तिथपर्यंत पोरं चांगली होती. नंतर तोंड उघडलं आणि मग पुढचे कितीतरी अध्याय नुसता वाद.

आठवा किमो होऊन आता रेडिएशनपण संपलंय, सध्या गोळ्या आणि दर तीन महिन्यांनी तपासणी. ती बरी झाली असं आम्ही अजून म्हणत नाही, तीच म्हणू देत नाही. स्तोत्रं संपली, आता मार्कचं शुभवर्तमान चालू आहे, आणि आता तिचेच निबंध सगळ्यात लांब, वाचायला कंटाळा येतो कधी कधी, पण काय बोलणार.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. एक, तिघीचौघीच ठेवा, पंधरा जणांना घेतलंत की परत गुलाबाची फुलं सुरू. दुसरं, रोजच्या आठवणीची वेळ सहा लावू नका, इथले सहा म्हणजे मस्कतचे साडेचार, आमच्या बाईने पहिल्याच आठवड्यात त्या बोलायच्या जागेत मला जे लिहिलंय ते पवित्र शास्त्राच्या खाली शोभण्यासारखं नव्हतं.