पंप धडधाकट होता, निकामी झाली होती ती प्रेशर टाकी

नळ जरासा उघडला तरी आमच्या विहिरीवरचा पंप सुरू होई, चार-पाच सेकंदांत बंद होई आणि लगेच पुन्हा सुरू होई. दाब पाहून पंप सुरू-बंद करणाऱ्या प्रेशर स्विचची ती टकटक रात्री स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत असे. बोलावलेल्या मेकॅनिकने वायरींना मीटर लावल्यासारखे केले आणि वाइंडिंग, म्हणजे मोटरमधले तारेचे वेटोळे, जळाले आहे, पंपच बदलावा लागेल, असे ठामपणे सांगितले. वाइंडिंग जळालेली मोटर सहसा दाब चढवू शकत नाही आणि आमची तर दर वेळी पुरता दाब चढवूनच थांबत होती, ही साधी गोष्ट घरातले पाणी बंद पडण्याच्या धास्तीत माझ्या लक्षात आली नाही. त्याने नवा पंप बसवला, जुना भंगार म्हणून उचलून नेला, आणि तिसऱ्या दिवशी तीच टकटक पुन्हा सुरू झाली. नवा पंप रुळायला वेळ लागतो, असे तो एकदा म्हणाला. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

दुसऱ्या मेकॅनिकने पंपाला हातच लावला नाही. तो थेट प्रेशर टाकीपाशी, म्हणजे हवेच्या उशीने नळांतला दाब टिकवणाऱ्या बंद टाकीपाशी गेला, वरच्या हवेच्या व्हॉल्व्हचे टोपण काढून त्याने आतली पिन नखाने दाबली, तर हवेऐवजी गंजकट पाण्याची चिळकांडी त्याच्या मनगटावर उडाली. टाकीतली पाणी आणि हवा वेगळी ठेवणारी रबरी पिशवी फाटली होती. पाणी दाबले जात नाही, हवा दाबली जाते. ती हवेची उशीच नाहीशी झाल्यामुळे दाब क्षणात चढत होता आणि दोन-चार पेले पाणी घेताच उतरत होता. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढते, त्यामुळे टाकी तशीच राहिली असती तर नवा पंपही वारंवारच्या सुरू-बंदने खरोखरच जळाला असता, याचा मला अधिक संताप येतो.

म्हणून पंप बदलायला होकार देण्यापूर्वी ही तपासणी आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पिन दाबल्यावर पाणी आले तर पिशवी फाटलेली आहे आणि हवा भरून उपयोग नाही. पाणी आले नाही तर पंपाची वीज बंद करून, पाण्याच्या दाबमापकाचा काटा शून्यावर येईपर्यंत टाकी रिकामी करून, टायरच्या गेजने हवेचा दाब मोजावा. पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याहून तो 2 पीएसआय (टायरच्या गेजवर असते तेच दाबाचे एकक) कमी असावा लागतो, म्हणजे 30 ला सुरू आणि 50 ला बंद होणाऱ्या स्विचसाठी 28. एकही नळ उघडा नसताना पंप अधूनमधून सुरू होत असेल, तर मात्र गळती किंवा पाणी उलटे विहिरीत जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आधी पाहावा.

टाकी बदलल्यापासून आमचा पंप एकदा सुरू झाला की मिनिटभराहून अधिक चालतो आणि मग बराच वेळ शांत राहतो. जुना पंप मात्र मी घरीच ठेवून घ्यायला हवा होता, कारण तो चांगला होता हे सिद्ध करायला आज माझ्याकडे काहीही उरलेले नाही.