आंबोलीतील जंगलफेरी: बेडूक सरताना, धोबी येताना

सप्टेंबरच्या अखेरीस आंबोलीतील एका घरगुती निवासात दोन दिवस राहून आम्ही तिथल्याच वाटाड्यासोबत रात्रीची आणि सकाळची अशा दोन जंगलफेऱ्या केल्या. जाहिरातीत बेडकांची छायाचित्रे असल्यामुळे आमची सारी अपेक्षा बेडकांवर होती. वास्तविक, २००९ मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंदला गेलेला आंबोली टोड हा बेडूक पहिल्या पावसातच सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, उथळ डबक्यांत अंडी घालतो, आणि सप्टेंबर सरता सरता तिथली गजबज ओसरलेली असते. नोंदणी घेताना हे कोणी सांगितले नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. वाटाड्याने मात्र निघण्यापूर्वीच स्पष्ट केले, "बेडकांचा हंगाम गेला, आता पाखरं बघायची."

रात्री डबक्यावर झुकलेल्या फांदीला मलबारी उडत्या बेडकाचे फेसाचे घरटे दिसले. पण पिल्ले केव्हाच खालच्या पाण्यात पडून गेली होती आणि पानाला चिकटलेला फेस वाळून पापडासारखा झाला होता. त्याच झाडीत मलबारी चापडा हा साप वेटोळे घालून बसला होता. वाटाड्याने आम्हाला चार हातांवर थांबवले आणि छायाचित्रांसाठी फ्लॅश वापरू दिला नाही, हे मला विशेष आवडले. सकाळी पुन्हा गेलो तेव्हा तो साप त्याच फांदीवर, त्याच वेटोळ्यात होता.

सकाळच्या फेरीनेच पैसे वसूल झाले. उत्तरेकडून हिवाळ्यासाठी नुकताच उतरलेला करडा धोबी पक्षी ओल्या डांबरी रस्त्यावर शेपटी वरखाली हलवत आमच्यापुढे बराच वेळ चालत राहिला, तर पावसाळाभर पहाटे शीळ घालणारा कस्तूर पक्षी एकदाच अर्धवट सूर काढून गप्प झाला. एक पाहुणा येत होता आणि घरचा गवई थकला होता, असेच काहीसे ते दृश्य होते. दुर्बीण मात्र निवासाची घेऊ नये, कारण तिच्या एका भिंगावर पावसाळ्याची बुरशी चढली होती.

जेवणात नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी उत्तम होती. जळवा अजून आहेत, म्हणून मीठ स्वतःचेच न्यावे. निवासाच्या डब्यातले दमट हवेने दगड झाले होते.