नवऱ्याचं ओसीआय कार्ड : चौदा महिने वापरल्यावर

गेल्या आठवड्यात नवऱ्याचा नवा जर्मन पासपोर्ट हातात आला आणि मला पुन्हा ओसीआयच्या पोर्टलवर बसावं लागलं. ओसीआय म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', परदेशी नागरिकाला भारतात हवं तितकं राहू देणारं कार्ड. तीन दिवस एका फोटोपायी गेले. त्या रागातच लिहायला घेतलं होतं, पण लिहिता लिहिता कार्डाबद्दलचं मत थोडं बदललं. दोन्ही सांगते.

आम्ही उन्हाळा-पावसाळा तिकडे, जर्मनीत काढतो आणि नोव्हेंबर ते एप्रिलचा पहिला आठवडा भुसावळला, आईजवळ. लग्न झालं की परदेशी जोडीदाराला लगेच ओसीआय मिळतं असा पुष्कळांचा समज आहे. माझाही होता. एका एजंटाने 'महिन्याभरात करून देतो' म्हणून पाच हजार घेतले आणि नंतर फोन उचलायचं बंद केलं. नियम स्पष्ट आहे: लग्न नोंदलेलं हवं आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं ते टिकलेलं हवं. शिवाय जोडीदार म्हणून अर्ज केला की सुरक्षा यंत्रणांची तपासणी होते, म्हणजे थांबणं आलंच. नवऱ्याचे आईवडील, आजी-आजोबा, पणजोबा यांच्यापैकी कोणी पाकिस्तान किंवा बांगलादेशचं नागरिक नव्हतं ना, हेही बघतात. हे सगळं मी आधी वाचलं असतं तर ते पाच हजार वाचले असते.

पहिल्या हिवाळ्यात तो पाच वर्षांच्या ई-टुरिस्ट व्हिसावर आला. व्हिसा पाच वर्षांचा असला तरी जर्मन माणसाला एका खेपेत सलग 90 दिवसच राहता येतं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जपानवाल्यांना 180. नोव्हेंबरला आलेला माणूस फेब्रुवारीत एकटा परत गेला, आणि त्याच महिन्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर आईला धरून उतरवताना मला त्याची किती गरज होती ते मलाच ठाऊक.

त्याहून जास्त लागलं ते फॉर्म सी. परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला की घरमालकाने 24 तासांत त्याची नोंद करायची, मग ते हॉटेल असो की सासुरवाडी. घर आईच्या नावावर, म्हणून फॉर्म आईच्या नावाने. मी मोबाइलवर भरत होते, आई शेजारी तांदूळ निवडत बसली होती. तिने विचारलं, "जवाईबापूंना काय म्हणून लिवलं?" मी म्हटलं, पाहुणा. तिने ताट खाली ठेवलं. "पाव्हना? पोरगंच आहे ना ते घरचं!" त्यानंतर ती बराच वेळ बोलली नाही.

दुसऱ्या वर्षी भारतीयाचा जोडीदार म्हणून एंट्री व्हिसा घेतला, म्हणजे ज्याला एक्स व्हिसा म्हणतात तो. मुक्काम 180 दिवसांच्या आत असल्यामुळे परदेशी नोंदणी कार्यालयात जावं लागलं नाही. तुमचं लग्न दोन वर्षांचं व्हायचं असेल तर हाच मार्ग धरा. टुरिस्ट व्हिसावर सासर-माहेर करू नका.

दोन वर्षं पूर्ण झाल्यावर तिकडूनच ओसीआयचा अर्ज केला. फी 275 डॉलर, म्हणजे बावीस-तेवीस हजार रुपये. भारतात अर्ज केला तर 15,000, पण टुरिस्ट व्हिसावर आलेल्याला इथे अर्ज करता येत नाही. एवढे पैसे एका निळसर पुस्तिकेला घालायचे, हे मला तेव्हा अजिबात पटलं नव्हतं.

आता चौदा महिन्यांनंतरचा हिशोब. कितीही दिवस राहा, परदेशी नोंदणी कार्यालयात नोंदणी नाही, 90 दिवस मोजणं नाही. या वर्षी तो आईच्या सगळ्या फिजिओथेरपीला सोबत होता. डिसेंबरात शेतात भरीत झालं तेव्हा बामणोदची वांगी काड्यांवर भाजायलाही तोच बसला. परतीचं तिकीट आम्ही उन्हाचा अंदाज घेऊन काढलं. यापूर्वी व्हिसा बघून काढत होतो.

आणि अजिंठा! जळगावहून साठेक किलोमीटर. परदेशी माणसाला तिकीट 600 रुपये, भारतीयाला 40, आणि ओसीआयवाल्याला भारतीयाइतकंच. नवऱ्याला पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या चित्रासमोर तासभर बसायला लागतं, त्यामुळे आम्ही वर्षात तीनदा गेलो. पहिल्यांदा खिडकीवरच्या माणसाने कार्ड उलटसुलट करून पाहिलं, मग 40 चं तिकीट फाडून दिलं. तीन खेपांचे 1,680 रुपये वाचले. फी यातून निघणार नाही हे मला कळतं, पण त्या 40 रुपयांच्या तिकिटाने मला जो आनंद दिला तो कार्ड घरी आलं तेव्हाही झाला नव्हता. ते तिकीट आईने देवघराच्या खणात ठेवलंय.

शेतजमीन मात्र घेता येत नाही, मतदान नाही. हे आधीच माहीत होतं, तक्रार नाही.

तक्रार आहे ती फोटोची. जोडीदार म्हणून कार्ड असेल तर प्रत्येक नव्या पासपोर्टनंतर तीन महिन्यांत पासपोर्टची प्रत, ताजा फोटो आणि लग्न अजून टिकून असल्याचं घोषणापत्र पोर्टलवर चढवायचं. पैसे लागत नाहीत. घोषणापत्र लिहिताना वाईट वाटलं, कारण त्याचं इथे राहणं आमच्या लग्नावर अवलंबून आहे आणि घटस्फोट झाला तर कार्ड जातं, हे तेव्हा नीट जाणवलं. पण ती सरकारची बाजू आहे, मी समजू शकते. फोटोचं काय समजायचं? तो चौरस हवा, मागचा रंग फिका हवा आणि पांढरा नको. भुसावळात दोन स्टुडिओ फिरले. दोघांकडे मागे पांढरा पडदा आणि माप नेहमीचं पासपोर्टचं, उभट. एकाने पांढऱ्याचा करडा करून दिला तर नवऱ्याचे भुरे केस पडद्यात विरघळले. दुसऱ्याने गडद निळा लावला. सही पण रुंदी उंचीच्या तिप्पट असेल अशीच कापायची. चार वेळा केलं, चार वेळा अडकलं.

शेवटी आईने पेटीतून तिची जुनी आकाशी चादर काढली. ओसरीत खिळ्यांना बांधली, सकाळी नऊच्या उन्हाची तिरीप बाजूला पडेल अशी. तो समोर स्टुलावर बसला, आईने त्याची कॉलर सरळ केली आणि मी मोबाइलने फोटो काढला. पाचव्यांदा चढला. दहा मिनिटांत पोचपावतीचा ईमेल आला.

पैसे वसूल झाले का, तर हो. अर्ज करायचा असेल तर फोटो आधी काढा, बाकीचं नंतर. चादर धुऊन घडी करून ठेवली आहे. भुसावळात कुणाला लागली तर कळवा, आई देईल.