बॉम्ब एकाला दिसतो, पुस्तिका दुसऱ्याकडे: इंग्रजीच्या तासाला ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’

स्टील क्रेट गेम्सचा २०१५चा हा खेळ इंग्रजी शिकवायला बनवलेला नाही. तरीही मराठी माध्यमाच्या आठवी-नववीला इंग्रजी बोलतं करायला तो फार उपयोगी आहे. पडद्यावरचा बॉम्ब एकालाच दिसतो आणि तो निकामी कसा करायचा ते सांगणारी २३ पानी पुस्तिका बाकीच्यांकडे असते, त्यामुळे बोलल्यावाचून सुटका नाही. संगणकावर किंवा मोबाइलवर एकच प्रत विकत घ्यावी लागते, पुस्तिका फुकट मिळते. पुण्यात अप्पा बळवंत चौकात तिच्या साध्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स काढा, गटाला एक संच पुरतो.

पहिला बॉम्ब पाच मिनिटांचा, तीन कोड्यांचा. सुरुवात ‘वायर्स’ने करा. तीन वायर असल्या तर नियम असे: लाल एकही नसेल तर दुसरी कापा, नाहीतर, शेवटची पांढरी असेल तर शेवटची कापा, नाहीतर, निळ्या एकाहून जास्त असतील तर शेवटची निळी कापा, नाहीतर, शेवटची कापा. मुलं ‘मोअर दॅन वन’चा अर्थ ‘निदान एक’ असा घेतात आणि लाल-निळी-लाल अशा रांगेतली एकुलती निळी कापतात. ‘अदरवाइज’वरून तर नजर सरळ घसरते. नियम वरून खाली, क्रमानेच तपासायचे, हे फळ्यावर करून दाखवलंच पाहिजे, कारण तिसऱ्या चुकीला बॉम्ब फुटतो आणि प्रत्येक चुकीनंतर घड्याळ आणखी जोरात पळतं.

‘बटन’मध्ये प्रेस, होल्ड आणि रिलीज यांतला फरक हाताला कळतो. ‘कीपॅड्स’ मात्र सगळ्यात सुंदर. अनोळखी चिन्हांचं वर्णन करताना विशेषणं आपोआप बाहेर पडतात. एक चिन्ह तर शेपटीवाल्या मराठी तीनसारखं आहे, ते तसंच इंग्रजीत सांगू द्या. ‘हूज ऑन फर्स्ट’ हे सारख्या वाटणाऱ्या शब्दांचं कोडं शेवटी ठेवा. ‘तिथे’वालं देअर आणि ‘त्यांचं’वालं देअर कानाला सारखीच, म्हणून एकेक अक्षर सांगावं लागतं. ‘अपॉस्ट्रॉफी’ हा शब्द आधी शिकवा.

खरी अडचण अशी की घाई झाली की भाषा आक्रसते: “रेड, ब्लू, कट टू!” खेळ जिंकला जातो, पण वाक्य एकही तयार होत नाही. ‘देअर आर थ्री वायर्स’, ‘इज द लास्ट वन व्हाइट?’ असे साचे फळ्यावर लिहा, आणि पूर्ण वाक्याशिवाय पुस्तिकेवाल्याने उत्तर द्यायचं नाही असा नियम करा. ‘फ्री प्ले’मध्ये, म्हणजे बॉम्ब आपणच ठरवायच्या प्रकारात, वेळ वाढवून घ्या, नाहीतर मुलं हमखास मराठीवर येतात. बॉम्ब फुटल्यावर कोणत्या कोड्यामुळे फुटला ते पडद्यावर दिसतं. तिथे थांबून काय चुकलं ते भूतकाळात सांगायला लावा, कारण खेळात भूतकाळ जवळपास नाहीच.

पालकांना आधी कल्पना द्या. २०१०चा जर्मन बेकरीचा स्फोट पुणं विसरलेलं नाही, आणि ज्या घराला त्याची झळ लागली त्या घरच्या मुलासमोर हा खेळ काढू नये. पाचवी-सहावीलाही नको, पुस्तिकेतली वाक्यं त्यांना झेपत नाहीत.