स्प्रिंगची लांबी जुळली, पण तार बारीक निघाली

जुन्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन उघडलं की बॉल जॉइंट आणि बुश हे सांध्याचे भाग लोक हातात धरून तपासतात. कॉइल स्प्रिंग मात्र जुनीच्या शेजारी उभी करायची, उंची बघायची आणि ठीक म्हणायचं. ‘मूळ मापाची नवी जोडी’ म्हणून भलताच माल खपतो तो याच सवयीवर. शिवाय जुनी स्प्रिंग दबलेली असते, त्यामुळे तिच्याशी तुलना करण्यात अर्थच नाही. मोकळी लांबी, तारेची जाडी आणि वेढे ही मापं गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यायची.

सगळ्यात जास्त फसवते ती तार. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानुसार बदलतो. समजा तार 14 मिमी, वेढ्याचा मधला व्यास 100 मिमी आणि काम करणारे वेढे 7 आहेत. अशी स्प्रिंग 1 मिमी दाबायला सुमारे 54 न्यूटन लागतात. बाकी सगळं तेच ठेवून तार 13 मिमी केली की हा आकडा 40 वर येतो. म्हणजे एका मिलिमीटरपायी चौथा हिस्सा ताकद गेली! स्प्रिंगवर 500 किलो भार असेल तर 14 मिमीची सुमारे 90 मिमी दबते आणि 13 मिमीची सुमारे 122. त्यात स्प्रिंग चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मच्या मध्यावर बसत असेल, तर चाकापाशी हा फरक साधारण दुप्पट होतो. गाडी नाक खाली घालून उभी राहते, बंप स्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शनची हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आदळते, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बिघडतो. टेबलावर मात्र दोन्ही स्प्रिंगा सारख्याच उंच दिसतात.

तक्रार केली की ‘लावलेला माल परत घेत नाही’ हे उत्तर तयारच असतं. म्हणून व्हर्निअर (जाडी मोजायचा कॅलिपर) लावायचा तो पार्सल उघडल्यावर, लावायच्या आधी. तीन ठिकाणी मोजा आणि रंगाची जाडी वजा धरा. जाड पावडर कोटिंग बारीक तारेचं माप फुगवून दाखवतं. दोन्ही स्प्रिंगा एकमेकींशीही ताडून बघा, कारण दोन वेगळ्या मॉडेलच्या एकेक स्प्रिंगची ‘जोडी’ लावून विकलेलीही सापडते.

याच्या उलटा प्रकार म्हणजे जड मॉडेलची स्प्रिंग एक वेढा कापून विकणं. 7 चे 6 वेढे झाले की कडकपणा सुमारे 17 टक्क्यांनी वाढतो, उंची कशीबशी जमते आणि गाडी प्रत्येक खड्डा मोजत जाते. टोक बघितलं की हे कळतं. कारखान्यातलं टोक आसनाच्या आकाराला धरून वळवलेलं, सपाट घासलेलं किंवा सरळ सोडलेलं असतं, आणि वरखाली कोणतं हे मॅन्युअलमधल्या चित्रात दिसतं. गॅसने कापलेल्या टोकावर वितळलेला गोळा आणि निळसर छटा राहते. तिथल्या पोलादाचं पाणीही उतरलेलं असतं. अशा टोकावर ताजा काळा रंग दिसला तर तो खरवडून बघाच. चकचकीत क्रोम केलेल्या स्प्रिंगा तर घेऊच नका. कडक पोलादावर विद्युत मुलामा देताना हायड्रोजन आत शिरतो आणि नंतर भाजून तो काढला नाही तर स्प्रिंग अचानक तुटू शकते.

गॅरेजातला प्रकार सोपा असतो. बिल नव्या जोडीचं आणि गाडीत जुनीच, घासून रंगवलेली. रंगाखालचे गंजाचे खड्डे नखाला लागतात, तडा तिथूनच सुरू होतो. काम देण्याआधी जुन्या स्प्रिंगांवर रंगाच्या पेनने खूण करा, फोटो काढा आणि जुन्या परत हव्यात हे बिलावर लिहून घ्या. खुणेसाठी पंच मारू नका, तो खड्डाही तड्याला आमंत्रणच.

मात्र गाडी उंच किंवा तिरकी बसली की लगेच विक्रेत्याला चोर ठरवू नये. आर्म लोंबकळत असताना रबरी बुशचे नट पूर्ण आवळले, तर पिळलेलं रबर गाडीला वर धरून ठेवतं. नट नुसते लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढेमागे ढकलायची आणि मगच मॅन्युअलमधल्या टॉर्कने, म्हणजे तिथे दिलेल्या जोराने, आवळायचे. स्प्रिंगचं टोक आसनातल्या खाचेत पोचलंय का हेही बघा. काही अमेरिकी गाड्यांत खालच्या आसनाला दोन छिद्रं असतात. टोकाने एक झाकायला हवं, दुसरं उघडं राहायला हवं. ‘थोडी चालवा, बसेल’ हा सल्ला काही मिलिमीटरपुरता खरा आहे, तीन सेंटिमीटरसाठी नाही.

लावताना खालच्या आर्मखाली जॅक ठेवा, स्प्रिंगमधून साखळी ओवून गाडीच्या चौकटीला अडकवा आणि स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरसमोर तोंड आणू नका. काम सुरू होण्याआधी आणि नंतर दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उंची मोजा. जमीन सपाट, टायरमध्ये हवा सारखी, टाकीत इंधन तेवढंच. व्हर्निअरसकट तारेचा फोटो, टोकांचा फोटो आणि ही चार मापं हाताशी असली की पैसे परत मागताना वाद उरतो तो फक्त आकड्यांचा.