ब्रेन ट्यूमर आणि व्हिडिओवरची ओपीडी : नऊ महिन्यांनंतर

माझ्या वडिलांना, अण्णांना, ग्लिओब्लास्टोमा आहे, म्हणजे मेंदूतली वेगाने वाढणारी कर्करोगाची गाठ, ग्रेड ४. ऑपरेशन आणि रेडिएशनच्या ३० सिटिंग मुंबईत झाल्या. आम्ही लातूरचे. एका तपासणीसाठी रात्रभर गाडी, दिवसभर रांग, परत रात्रभर गाडी. नंतर दोन दिवस अण्णा अंथरुणातून उठत नसत. म्हणून डॉक्टरांनी मधल्या तपासण्या व्हिडिओवर घ्यायचं ठरवलं.

मला वाटलं होतं, नुसत्या गप्पा होतील. पहिल्याच कॉलला डॉक्टर म्हणाले, "फोन टेबलावर उभा करा. अण्णा, दोन्ही हात पुढे, तळवे वर, डोळे मिटा." मी दहापर्यंत मोजलं. डावा हात हळूहळू खाली आला आणि आत वळला. रोज त्यांच्याबरोबर राहून त्या हातातली ही कमजोरी आमच्या लक्षात आली नव्हती. मग दात दाखवायचे, पॅसेजमधून चालून यायचं, महिने उलटे म्हणायचे. आता आठवड्यातून एकदा मी हे घरीच करून वहीत लिहिते. कॉलवर निम्मा वेळ ती वहीच कामाला येते.

सगळ्यात मोठा उपयोग केमोच्या गोळ्यांसाठी झाला. टेमोझोलोमाइड २८ दिवसांतून पाच दिवस, रिकाम्या पोटी, आधी उलटीची गोळी. प्रत्येक फेरीआधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, लागते. रक्त इथल्याच लॅबला देते, रिपोर्ट पाठवते, डॉक्टर 'सुरू करा' म्हणतात किंवा थांबवतात. तिसऱ्या फेरीला प्लेटलेट कमी, ८२ हजारच निघाल्या, गोळ्या आठवडाभर पुढे गेल्या. एवढ्यासाठी मुंबई गाठावी लागली नाही.

एका मेडिकलवाल्याने मोबाईलवरची चिठ्ठी घ्यायला नकार दिला. पण अशी चिठ्ठी चालते; केंद्राची टेलिमेडिसिनची (फोन-व्हिडिओवरच्या उपचारांची) मार्गदर्शक तत्त्वं मार्च २०२०पासून आहेत. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि सही आहे ना ते बघा आणि तेच दुकानदाराला दाखवा.

पण कॅमेऱ्याला सगळं दिसत नाही. डेक्सामेथासोन, म्हणजे मेंदूची सूज उतरवणारं स्टिरॉइड, कमी करत असताना अण्णांना खुर्चीतून उठता येईना, सकाळी डोकंही दुखायचं. या औषधानेच मांड्या अशक्त होतात, आणि मेंदूला सूज आली तरी पाय लटके पडतात. मेंदूच्या सुजेमुळे डोळ्याच्या आत मागच्या बाजूला येणारी सूज तर समोर बसवून, यंत्रानेच बघावी लागते. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, "मला इथून कळणार नाही, घेऊन या." हे सांगणारा डॉक्टर मिळणं महत्त्वाचं. फिट आली त्या रात्री मी आधी व्हिडिओ कॉल लावत बसले, ती माझी चूक होती. पाच मिनिटांपेक्षा जास्त झटका म्हणजे सरळ जवळचं हॉस्पिटल.

वेळेचं मात्र बिनसतं. अकराची वेळ दिली की कॉल साडेतीनला येतो. तोवर अण्णा थकलेले, जीभ जड झालेली, आणि डॉक्टरांना दिसतात ते आहेत त्यापेक्षा खचलेले अण्णा. सकाळचीच वेळ मागून घ्या.

एक गोष्ट अजून मनातून जात नाही. एमआरआयमध्ये पुन्हा वाढ दिसतेय, हे आम्हाला स्पीकरवर कळलं. अण्णा शेजारी, दारात शेजारच्या काकू उभ्या, आणि रेंज गेल्यामुळे निम्मं वाक्य दोनदा ऐकावं लागलं. अण्णांनी तेव्हा काहीच विचारलं नाही. पुढच्या कॉलला त्यांनीच डॉक्टरांना सांगितलं, "साहेब, रक्ताचं, गोळ्यांचं फोनवर बोला. पण अशी बातमी असली तर मला बोलवा, मी येतो."

पुढच्या एमआरआयला आम्ही मुंबईला जाणार आहोत. तिकिटं काढलीत.